कासरा कोणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत डोळ्याचं मलम आहे, बदललेलं हृदय आहे, विंचू आहे, अडकलेला वारा आहे आणि मध्यरात्री संडासात आलेली चक्कर आहे. संपादक ही पत्रं वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे पाठवणार होते. मी म्हटलं, सगळी माझ्याकडेच द्या. आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे, आणि हे सगळे प्रश्न त्यातल्या एकाच धड्यातले आहेत: स्वायत्त चेतासंस्था. केंब्रिजच्या जॉन लँगलीने 1898 मध्ये तिचं हे नामकरण केलं. बाहुली, लाळ, हृदय, श्वासनलिका, आतडी, मूत्राशय, घाम, रक्तवाहिन्या हा सगळा कारभार ती तुम्हाला न विचारता पाहते.

तिच्या दोन शाखा आहेत. सिम्पथेटिक ही ढोबळमानाने धावपळीची, पॅरासिम्पथेटिक ही निवांतपणाची. सिम्पथेटिक शाखेच्या नसा पाठीच्या कण्याच्या मधल्या भागातून निघतात. पॅरासिम्पथेटिकच्या नसा वर मेंदूच्या देठातून आणि खाली माकडहाडाजवळून निघतात. मेंदूतून उतरणारी व्हेगस ही त्यांतली सगळ्यांत लांब, थेट पोटापर्यंत जाणारी. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे वाचा.

प्रश्न (नाशिक): माझी मुलगी सात वर्षांची आहे. चष्म्याचा नंबर काढायच्या आधी तीन दिवस डोळ्यांत ॲट्रोपिनचं मलम घालायला सांगितलं होतं. आता तिला फळा दिसतो पण वही दिसत नाही, उन्हात डोळे उघडवत नाहीत. तेही समजू शकते, पण तिचं तोंड कोरडं पडलंय आणि गाल लालबुंद झालेत. डोळ्यातल्या मलमाचा तोंडाशी काय संबंध?

उत्तर: आधी कामाचं. गाल लाल आहेत, अंग तापलंय, मूल चिडचिड करतंय किंवा असंबद्ध बोलतंय असं काहीही दिसलं तर पुढचं मलम घालू नका आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. मलमाचा काही अंश डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. लहान अंगाला तेवढाही पुरतो. म्हणून डोळ्यात औषध घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरायचा असतो. हे मलमाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, आणि गर्दीच्या ओपीडीत सांगायचंही राहून जातं.

आता संबंध. पॅरासिम्पथेटिक नसांच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ते अवयवाला काम सांगतं. डोळ्यात त्याची दोन कामं: बाहुली लहान करणारा गोल स्नायू आवळणं, आणि भिंगाला फुगीर करून जवळचं स्पष्ट दिसेल असं करणं. ॲट्रोपिन त्या रसायनाची जागा अडवून बसतं. बाहुली मोठी राहते म्हणून ऊन बोचतं, आणि भिंग फुगत नाही म्हणून वही धूसर दिसते. डॉक्टरांना तेच हवं असतं. मुलांच्या डोळ्यातला हा स्नायू इतका जोरकस असतो की तो ढिला केल्याशिवाय नंबर खरा निघत नाही. लाळ सोडायला सांगणारं रसायनही तेच, म्हणून तोंड कोरडं. घामाच्या ग्रंथींनाही तेच रसायन लागतं, म्हणून घाम येत नाही आणि अंग तापतं. मलमाचा असर आठवडाभर, कधी त्याहून थोडा जास्त राहतो. शाळेत बाईंना एक चिठ्ठी द्या.

धोतऱ्यात हीच जातकुळी आहे. महादेवाला वाहायचं ते काटेरी फळ मुलांनी खाल्लं तर हेच चित्र दिसतं, फक्त दसपट मोठं: मोठ्या बाहुल्या, कोरडं तोंड, तापलेलं लाल अंग, लघवी अडलेली, आणि हवेतल्या वस्तू पकडत बडबडणारं मूल.

याच्या बरोबर उलटं चित्र पाहायचं तर कापसाच्या पट्ट्यात जावं लागतं. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकरालाच (एन्झाइमला) निकामी करतात. मग ते रसायन साचत जातं आणि सगळे अवयव एकदम वाहायला लागतात. लाळ, अश्रू, घाम, जुलाब, आपोआप होणारी लघवी, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंदावलेली नाडी आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फुफ्फुसात भरणारा स्राव. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. तिथं अनेक रसायनं एकत्र करून मारली जात होती, त्यांत हेही होतं. त्यावरचा उतारा कोणता? तुमच्या मुलीच्या डोळ्यातलं हेच ॲट्रोपिन, शिरेतून, फुफ्फुसं कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा.

प्रश्न (सांगली): माझ्या भावाचं हृदयप्रत्यारोपण झालं. तब्येत चांगली आहे, पण बसल्या जागी नाडी 100 च्या आसपास असते. डॉक्टर म्हणतात, "हे असंच राहणार, काळजी करू नका." पण चालायला लागलं की ती लवकर वाढत नाही, आणि थांबलं की लवकर उतरतही नाही. माझी 70 असते. भावाच्या हृदयावर ताण तर येत नाही ना?

उत्तर: डॉक्टर बरोबर सांगताहेत. प्रश्न मात्र तुम्ही उलट्या बाजूने विचारायला हवा: तुमची नाडी 100 का नाही?

हृदयाला धडधडायला कोणी सांगावं लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो आपला आपण ठेका धरतो. त्याला एकट्याला सोडलं तर तरुण माणसात तो मिनिटाला शंभराच्या घरात जातो, वयाबरोबर थोडा उतरतो. तुमची 70 येते याचं कारण व्हेगस. उतारावर गाडीवान बैलांचा कासरा ओढून धरतो, तशी ती दिवसरात्र हृदयाला धरून असते. तुम्ही खुर्चीतून उठलात की पहिल्या काही ठोक्यांत जो वेग वाढतो, त्यासाठी कोणी चाबूक मारत नाही. कासरा सैल सोडला जातो, इतकंच. सिम्पथेटिकचा जोर त्याच्या मागून काही सेकंदांनी येतो.

भावाच्या बाबतीत दात्याचं हृदय काढताना त्या सगळ्या नसा कापल्या गेल्या. रक्तवाहिन्या शिवता येतात, या नसा शिवता येत नाहीत. त्यामुळे नवं हृदय आपल्या मूळ ठेक्यावर, साधारण 90 ते 110 वर चालतं. चालायला लागल्यावर त्याला बातमी नसेतून कळत नाही, रक्तातून कळते. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात आणि ते हृदयापर्यंत पोचलं की वेग वाढतो. त्यात काही मिनिटं जातात. थांबल्यावरही ते रक्तातून ओसरायला वेळ लागतो. म्हणून अशा रुग्णांनी व्यायामाच्या आधी आणि नंतर पाच-दहा मिनिटं रमतगमत चालायचं असतं. भावाला सांगा, बस पकडायला धावायचं नाही.

आणखी एक गोष्ट कुटुंबाला माहीत हवी. छातीत दुखल्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसाही तिथं राहिलेल्या नाहीत. नव्या हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या तरी छातीत कळ येईलच असं नाही. अँजिओग्राफीची तारीख आली आणि भाऊ म्हणाला, "मला काही होत नाही, कशाला उगाच?" तर ऐकून घेऊ नका. काही रुग्णांत वर्षांनंतर थोड्या नसा पुन्हा वाढतात, पण त्यावर विसंबायचं नाही.

व्हेगसचा हा धाक फार आधीपासून माहीत होता. 1845 मध्ये जर्मनीत वेबर बंधूंनी ती उद्दीपित करून हृदय थांबवून दाखवलं. नस हृदयाला नेमकं काय सांगते, याचा शोध लागायला पुढे पाऊणशे वर्षं गेली. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवीने बेडकाच्या हृदयाची व्हेगस छेडली, ते मंदावलं. त्याच्या भोवतालचं द्रव त्याने दुसऱ्या, व्हेगस काढून टाकलेल्या हृदयावर ओतलं, तर तेही मंदावलं! म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. ते पुढे ॲसिटिलकोलीन ठरलं, आणि 1936 चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं. हा प्रयोग लोवीला झोपेत सुचला, पहिल्या रात्री लिहून ठेवलेलं सकाळी त्यालाच वाचता येईना, दुसऱ्या रात्री पुन्हा सुचला तेव्हा उठून तडक प्रयोगशाळेत गेला, असं तो सांगत असे. मी वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची पोरंही जागी होत.

जाता जाता एक आठवण करून देते. जगातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला झालं, आणि फेब्रुवारी 1968 मध्ये आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून पाहिलं होतं. रुग्ण काही तासच जगला. भारतात यश यायला 1994 उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

प्रश्न (माणगाव तालुका, रायगड): मालकांना लाकडं काढताना लाल विंचू चावला. बोटात फार ठणका नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तासाभरात ते घामाने निथळले, उलट्या झाल्या, हातपाय बर्फासारखे पडले. सरकारी दवाखान्यात गोळ्या दिल्या, रात्रभर निजवून ठेवलं आणि वाचले. दवाखान्यात म्हणाले, ठणका कमी होता हेच वाईट लक्षण. विंचू बोटाला चावतो, मग छातीत पाणी कसं होतं?

उत्तर: ताई, वेळेत नेलंत, शाबास. तुमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर जगाला देणारा माणूस राहतो: महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. 1970 च्या दशकात ते तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं फुफ्फुसात पाणी होऊन जात होती, आणि पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला, तो 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे 1986 मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी प्राझोसिनच्या उपचाराबद्दल लिहिलं. तुमच्या मालकांना मिळालेली गोळी बहुधा तीच.

विष बोटात राहत नाही, रक्तातून सगळीकडे जातं. नसांच्या पडद्यात सोडियमची सूक्ष्म दारं असतात, ती उघडतात आणि क्षणात मिटतात, तेव्हा एक संदेश जातो. लाल विंचवाचं विष ती दारं मिटू देत नाही. मग स्वायत्त नसा थांबेचनात. दोन्ही शाखा एकाच वेळी सुटतात, ॲड्रिनल ग्रंथी आपला साठा रिकामा करतात. डॉक्टर याला स्वायत्त वादळ म्हणतात. सुरुवातीला उलट्या, लाळ, दरदरून घाम आणि कधी मंद नाडी. पुरुषांत लिंगाला ताठरता येते, तेही लक्षणच आहे, लाजून लपवायचं नाही. मग सिम्पथेटिक चढते. हातापायाच्या सगळ्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून ते थंडगार. रक्तदाब भडकतो. आवळलेल्या वाहिन्यांच्या विरुद्ध रक्त ढकलता ढकलता, आणि रसायनांच्या थेट माऱ्याने, हृदय थकतं. डाव्या बाजूला रक्त तुंबतं आणि ते पाणी फुफ्फुसात झिरपतं. छातीत पाणी होतं ते असं.

प्राझोसिन त्या वाहिन्यांच्या भिंतीवरची, सिम्पथेटिकचा हुकूम झेलणारी जागा अडवतं. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचं ओझं उतरतं. साधी, स्वस्त, पोटात घ्यायची रक्तदाबाची गोळी. प्राझोसिनच्या आधी पश्चिम भारतात गंभीर लक्षणं झालेल्या शंभरांत पंचवीस-तीस जण जात. ते प्रमाण एक-दोनवर आलं. 2011 मध्ये बावस्करांनीच दाखवलं की विंचवाची प्रतिलस जोडीला दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. ती प्रतिलस हाफकिनने तयार केलेली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते जरा उशिराच.

निजवून का ठेवलं? वाहिन्या सैल असताना उठून बसलं तर रक्त पायांत उतरतं आणि माणूस कोसळतो. या गोळीचा पहिला डोस त्यासाठी बदनामच आहे. आणि ठणक्याचं म्हणाल तर बावस्करांचंही निरीक्षण तेच आहे: बोट असह्य ठणकत असेल पण घाम, उलटी, गारठा नसेल तर बहुतेक वेळा निभावतं. ठणका बेताचा आणि अंग घामाने चिंब, तर गाडी काढायची. मांत्रिक आणि घट्ट बांधलेली दोरी यांत गेलेला वेळ परत मिळत नाही.

प्रश्न (बीड, माध्यमिक शिक्षक): पाठ्यपुस्तकात एक शाखा वाढवते, दुसरी कमी करते असा तक्ता असतो. सगळ्या अवयवांना तो लागू होतो का?

उत्तर: नाही, सर. तक्ता परीक्षेपुरता ठीक आहे. बहुतेक रक्तवाहिन्यांना फक्त सिम्पथेटिक असते. ती जोर वाढवून आवळते आणि जोर कमी करून सैल सोडते, दुसरीची गरजच पडत नाही. घामाच्या ग्रंथींचंही तसंच, पण गंमत अशी की तिथली सिम्पथेटिक नस रसायन मात्र पॅरासिम्पथेटिकचं, म्हणजे ॲसिटिलकोलीन वापरते. लाळ दोन्ही शाखा वाढवतात, एक पातळ आणि भरपूर, दुसरी घट्ट आणि थोडी. भाषणाच्या आधी जीभ टाळ्याला चिकटते ती त्यामुळे. हुशार विद्यार्थ्यांना हे अपवाद जरूर सांगा. तक्ता त्यांच्यामुळेच लक्षात राहतो.

प्रश्न (कोल्हापूर): आतड्याचं ऑपरेशन झालं. नंतर तीन दिवस सर्जन रोज एकच विचारायचे, "वारा सरला का?" बाकी काही नाही. चौथ्या दिवशी हो म्हटलं तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त खूश झाले. एवढं काय त्यात?

उत्तर: सर्जनच्या लेखी ती ऑपरेशन यशस्वी झाल्याची पहिली पावती असते. आतड्याला हात लागला, ते बाहेर काढून हाताळलं, की ते रुसतं. सिम्पथेटिक त्याची हालचाल थांबवते, सूज तिला साथ देते आणि दुखण्यावरची अफूजातीची औषधं भर घालतात. लहान आतडं दिवसभरात सावरतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यांत मागे, दोन-तीन दिवसांनी. वारा मोठ्या आतड्यातून सरतो, म्हणून तो सरला की सगळी रांग हलली असं समजायचं.

आतडं मात्र इतर अवयवांसारखं पूर्ण परावलंबी नाही. त्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. बाहेरच्या सगळ्या नसा तोडल्या तरी ते घास पुढे ढकलत राहतं, हे लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी 1899 मध्ये दाखवलं. बाहेरच्या दोन्ही शाखा त्याला फक्त घाई कर किंवा थांब एवढं सांगतात. राग आला की ते थांबतं हेही जुनंच आहे. अमेरिकेत वॉल्टर कॅनन क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन पाहत होता. मांजर बिथरलं की पोटाची हालचाल जागच्या जागी बंद पडे.

आजकाल काही सर्जन ऑपरेशननंतर च्युइंग गम चघळायला देतात, आणि घरचे हसतात. हसू नका. चघळलं की मेंदूला जेवण आल्यासारखं वाटतं आणि व्हेगसमार्फत आतड्याला निरोप जातो. पुढच्या वेळी (ती न येवो) सर्जनना विचारून नक्की करून पाहा. आणि चाला. पलंगावर पडून वारा सरत नाही.

प्रश्न (पुणे, वय 24): मॅडम, सगळीकडे सांगतात की सिम्पथेटिक मोड वाईट, पॅरासिम्पथेटिक मोड चांगला. मी रोज बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवते, गुणगुणते. व्हेगस कायमची ॲक्टिव्ह कशी ठेवायची?

उत्तर: ती कायमचीच ॲक्टिव्ह आहे बाळा, वर सांगलीचं उत्तर वाच. सिम्पथेटिक बंद झाली तर तू पलंगावरून उठताक्षणी खाली पडशील. आणि व्हेगस संत नाही. दम्यात श्वासनलिका आवळण्यात तिचा हात असतो. जठरात आम्ल ती वाढवते, इतकं की एके काळी अल्सरसाठी तिच्या फांद्या सर्रास कापत. इंजेक्शनची सुई पाहून माणसं कोसळतात तेव्हा हृदय मंदावणारी तीच.

गार पाण्यात चेहरा बुडवला की नाडी उतरते हे खरं, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत ही प्रतिक्रिया मोठी असते, आपल्यात थोडी उरली आहे. ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड आहे त्यांनी हा खेळ करू नये. सावकाश श्वास घेणं मात्र मी कोणालाही सांगेन, मिनिटाला सहाच्या आसपास, श्वास सोडायला जास्त वेळ देऊन. श्वास घेताना व्हेगस कासरा थोडा सोडते, श्वास सोडताना ओढते. मनगटावर बोट ठेवून पाहा, तुझ्या वयात हा फरक हाताला लागतो. यात नवं काही नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रिया यंत्रांनी मोजायला सुरुवात केली होती.

त्याच संदर्भातली एक चौकशी तुला आवडेल. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांना वेंगर, बागची आणि एम्सचे आनंद यांनी ईसीजी लावून तपासलं आणि 1961 मध्ये निष्कर्ष छापले. श्वास कोंडून छाती-पोट दाबल्यावर हृदयाकडे रक्त परत येणं कमी व्हायचं, मनगटाची नाडी लागेनाशी व्हायची, छातीवर कान ठेवला तरी ऐकू येत नसे. ईसीजीवर हृदय आपलं चालूच. थेट हुकूम ते मानत नाही. श्वासाच्या, स्नायूंच्या आडमार्गाने गेलं तर थोडंफार ऐकतं.

प्रश्न (दादर, वय 72): प्रोस्टेटसाठी महिन्यापूर्वी नवी गोळी सुरू झाली. परवा रात्री लघवीला उठलो, उभ्याने करत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. कपाळाला टाके पडले. शुद्ध लगेच आली. हृदयाचे कागद चांगले आहेत. मुलगा म्हणतो, ही गोळी तर रक्तदाबाच्या औषधांच्या घराण्यातली आहे.

उत्तर: काका, मुलगा बरोबर बोलतोय. प्रोस्टेट आणि मूत्राशयाचं तोंड सिम्पथेटिक आवळून धरते. ही गोळी तिथला तिचा हुकूम अडवते म्हणून लघवी मोकळी होते. पण तसलीच जागा रक्तवाहिन्यांवरही असते. माणगावच्या ताईंच्या मालकांना विंचवासाठी दिलेलं प्राझोसिन याच घराण्यातलं. नव्या गोळ्या प्रोस्टेट बघून काम करतात, तरी थोडा प्रसाद रक्तवाहिन्यांना मिळतोच.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या दाबमापक नसा ते टिपतात, सिम्पथेटिक वाहिन्या आवळते, व्हेगस कासरा सोडते, आणि तुम्हाला काही कळतही नाही. वयाबरोबर हे यंत्र सुस्त होतं, मधुमेहात त्याच्या नसाच खराब होतात. तुम्ही उबदार अंथरुणातून उठलात, वाहिन्या आधीच सैल, त्यात गोळी. शिवाय भरलेलं मूत्राशय रक्तदाब थोडा वर ठेवत असतं. ते रिकामं झालं की तो आधार गेला. त्यातच जोर देऊन लघवी केली असेल तर हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी.

तेव्हा यापुढे रात्री बसून लघवी करायची, यात पुरुषपण कमी होत नाही. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, पोटऱ्या आवळा-सोडा, मग उभे राहा. अंधारी आली तर जिथं असाल तिथं आडवे व्हा, भिंत धरून उभं राहायचा हट्ट नको. डॉक्टरांना आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा दाब मोजायला सांगा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर गोळीचं प्रमाण, वेळ किंवा गोळीच बदलतील. स्वतः होऊन बंद करू नका, लघवी तुंबली तर नळी घालावी लागेल. पडताना छातीत धडधड झाली असेल, किंवा बसल्या जागी, काही न करता अंधारी आली असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, हृदयाचे कागद चांगले असले तरी पुन्हा दाखवा. आणि जाताना रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. "ती पांढरी, छोटी" असं सांगून चालणार नाही.